बघण्याचं बटन

विद्यार्थ्यांचा वर्गातील सहभाग मोजता येत नाही, ही शिक्षणक्षेत्रातली फार जुनी गैरसोय होती. ती अखेर दूर करण्यात आली. प्रत्येक बाकावर टॅब आला, टॅबवर हृदय, फुगा आणि टाळी अशी बटनं आली आणि फळ्याच्या जागी पडदा लागला. मुलं बटनं दाबत राहिली की पडद्यावरचा काटा चढायचा. थांबली की तो घसरायचा आणि भोंगा वाजायचा. ज्यांचा काटा वर्षभर हिरव्या पट्ट्यात राहील, त्याच शिक्षकांना सेवेत कायम करण्यात येईल, असं परिपत्रक निघालं.

विज्ञानाच्या बाईंना कायम व्हायचंच होतं. आधीच्या दोन शाळांनी वर्ष संपताच त्यांना नारळ दिला होता आणि तिसऱ्यांदा घरी बसायची त्यांची तयारी नव्हती.

पहिल्याच तासाला त्यांनी कागदावर लोखंडाचा कीस पसरला आणि खालून चुंबक फिरवलं. कीस रांगा करून उभा राहिला. मुलं बाक सोडून पुढे आली, एकमेकांच्या खांद्यांवरून माना लांबवू लागली आणि भोंगा वाजला. मुख्याध्यापक धापा टाकत दारात हजर झाले.

"बाई, वर्ग झोपला की काय?"

"नाही सर, बघतायत."

"बघतायत म्हणजे? बघण्याचं बटन कुठाय?"

"तेच तर नाहीये, सर."

"मग बघतात कशाला?"

दुसऱ्या दिवशी सहभाग समन्वयक आले. हे पद नवीनच निर्माण झालं होतं. ते मागच्या बाकावर बसले आणि तासभर काट्याकडे बघत राहिले. वर्गाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"तुमच्या शिकवण्यात एक दोष आहे, बाई," ते हळहळून म्हणाले. "मुलं विचार करायला लागतात. विचार करताना बोट थांबतं. भाषेच्या सरांचा काटा बघा, हिरव्यातून हलत नाही."

"ते शिकवतात काय?"

"ते आम्ही मोजत नाही."

बाईंनी मुकाट्याने दोष सुधारला. चुंबक लाल आवडतं की निळं, आवडत असेल तर किती फुगे आवडतं, असं त्या विचारू लागल्या. काटा हिरव्यात गेला आणि बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी एके दिवशी त्या इरेला पेटल्या आणि पुन्हा कीस पसरून बसल्या. मुलं भोवती गोळा झाली. काटा मात्र हिरव्यातून ढिम्म हलला नाही.

बाईंनी मागे पाहिलं. शेवटच्या बाकावर वर्गात 'झरझर' म्हणून ओळखली जाणारी मुलगी सगळ्यांचे टॅब मांडून बसली होती आणि दोन्ही हातांनी हृदयं दाबत होती.

"हे काय गं?"

"आज माझा नंबर आहे, बाई. मी दाबते, बाकीचे शिकतात. उद्या दुसरं कुणीतरी दाबेल."

बाईंचे डोळे भरून आले. "दाब, बाळा," त्या म्हणाल्या. "जोरात दाब."

असा बाईंचा काटा शाळेत पहिला आला. एवढं यश मिळाल्यावर ते लोकांना दाखवणं आलंच, म्हणून सभागृहात पालकांसमोर नमुना पाठ ठरला. पालकांचाही सहभाग मोजायचा असल्याने त्यांच्या हातीही टॅब देण्यात आले. बाईंना कायम करायचं की नाही, तेही पालकच तिथल्या तिथे ठरवणार होते. हृदय, फुगा, टाळी यांपैकी काहीही दाबलं तर तो होकार धरला जाणार होता.

बाईंनी पेला पाण्याने काठोकाठ भरला. त्यात बर्फाचा तुकडा डोकं वर काढून तरंगत होता. "हा वितळला की पाणी सांडेल का?" त्यांनी विचारलं.

"सांडणारच की!" कुणीतरी ओरडलं.

"मुळीच नाही!" मागून झरझर ओरडली आणि हातातलं दाबायचं काम टाकून धावत पुढे आली. सगळी मुलं टेबलाला चिकटली. त्यांचा काटा शून्यावर आला. भोंगा केकाटू लागला.

पालकांचा काटा मात्र शिगेला पोचला होता. माना खाली घालून ते एकसारखे दाबत होते. समन्वयकांनी तातडीने त्यांच्या टॅबवर प्रश्न पाठवला, 'मुलांचा सहभाग शून्य. बाईंना सेवेतून कमी करावं का?'

पडदाभर हृदयं उसळली. फुगे उडाले, टाळ्या पडल्या. शंभर टक्के. इतक्या प्रेमाने कुणाला काढल्याचं शाळेच्या इतिहासात उदाहरण नव्हतं.

"आमची मुलगी घरी सारखं तुमचंच नाव घेते हो," झरझरची आई बाईंचा हात हातात घेऊन म्हणाली. तिच्या दुसऱ्या हाताचा अंगठा अजून चालूच होता. "पुढच्या वर्षीही तुम्हीच हव्यात हं, बाई!"

बाईंनी पर्स उचलली आणि त्या निघून गेल्या. मुख्याध्यापकांनी पालकांच्या उत्स्फूर्त सहभागाबद्दल आभार मानले. पेल्यातला बर्फ तेवढ्यात वितळला. पाणी सांडलं की नाही, हे सभागृहातल्या एकाही मोठ्या माणसाने विचारलं नाही.

तुम्हीही अजून विचारलेलं नाही.