खोलीत गोंगाट आहे

निवृत्त माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असं सगळेच सांगतात. तो हॉलच्या मधोमध खुर्ची टाकून करावा लागेल, हे मात्र कोणी सांगत नाही.

जावयाने नवं होम थिएटर घेतलं आणि जुना रिसीव्हर, म्हणजे आवाज वाटून देणारं यंत्र, स्पीकरसकट मला दिला. (जावयाकडून सासऱ्याकडे येणारी वस्तू जुनी असते, उलट दिशेने जाणारी नवी लागते.) पुढे तीन स्पीकर, मागे दोन, छताला दोन, कोपऱ्यात बेसचा डबा. या सर्वांचे आवाज जिथे नीट जुळतात ती जागा म्हणजे हॉलचा मध्य. तिथे मी माझी आरामखुर्ची मांडली. पहिल्याच दिवशी बायको तिला दोनदा अडखळली.

तिने एकच अट घातली. रविवारी तिचा दादा येणार होता. दादाला गाण्यातलं कळतं. (म्हणजे गाणं चालू असताना तो बोलत नाही.) त्याला फरक जाणवला तर खुर्ची मधोमध राहील, नाहीतर गॅलरीत, कपड्यांच्या दांडीखाली.

आता खोलीचं मोजमाप करणं भाग होतं. रिसीव्हरसोबत एक छोटा माइक येतो. तो ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर ठेवायचा, मग यंत्र स्पीकरांतून फुसफुस आवाज काढून खोली समजून घेतं. माइकला स्टँड नव्हता. मी खुर्चीत बसलो आणि तो कानाशी धरला. कानाची उंची माझ्या कानाइतकी दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

टीव्हीच्या पडद्यावर अक्षरं उमटली : खोलीत गोंगाट आहे.

मी पंखा बंद केला. गोंगाट आहे. भिंतीवरचं घड्याळ काढून बाथरूममध्ये ठेवलं. गोंगाट आहे. फ्रिज बंद केला. (तो पुन्हा चालू करायचा राहिला, दुधाचं काय झालं ते विचारू नका.) शेवटी बायकोला भाजी चिरणं थांबवायची विनंती केली. तिने सुरी खाली ठेवली आणि कान देऊन ऐकलं.

"तुमचं नाक वाजतंय," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर या."

मला हे पटलं नाही. तरी माइक उशांच्या ढिगावर ठेवून बाहेर आलो. यंत्राने एका दमात काम उरकलं आणि अभिनंदन केलं. कोणाचं, ते लिहिलं नव्हतं.

रविवारी दादा खुर्चीत बसला, डोळे मिटले. मी शेजारी उभा राहून त्याला मदत करत होतो. आता तबला डावीकडून येईल, आता टाळ्या मागून, आता वरून पाऊस. अर्ध्या तासाने त्याने डोळे उघडले.

"अप्रतिम," तो म्हणाला. "सगळे स्पीकर उत्तम आहेत, भाऊजी. फक्त तो एक उजव्या कानाशी समजावून सांगणारा तेवढा काढून टाका."

बायको शब्दाची पक्की आहे. खुर्ची हॉलच्या मधोमध राहिली. रोज संध्याकाळी ती त्या खुर्चीत बसून चोहोबाजूंनी संगीत ऐकते. मी गॅलरीत, दांडीखाली स्टुलावर असतो. काल तिने काचेतून मला हात केला. शेवटी दया आली म्हणायची, असं मनात म्हणत मी उठलो.

तो हात दारासाठी होता. ते नीट लागलं नव्हतं.