फोन करण्यापेक्षा स्वयंपाक सोपा

एका मिनिटाचा फोन चुकवण्यासाठी मी दिवसभर चालणारा स्वयंपाक करायचं कबूल केलं, तेव्हा मला तो फायद्याचा सौदा वाटला होता.

शुक्रवारी आमच्या घरी कोणी स्वयंपाक करत नाही. मिसेस क्वॉकच्या चिनी हॉटेलातून बीफ-ब्रोकोली येते. ही प्रथा माझ्या जन्माआधीपासूनची आहे आणि चर्चपेक्षा जास्त निष्ठेने पाळली जाते (चर्च हिमवादळात चुकतं, बीफ-ब्रोकोली चुकत नाही). फोन नेहमी आई करते. पण गेल्या आठवड्यात तिने जेवताना जाहीर केलं, "मारित, तू आता सोळा वर्षांची झालीस. या शुक्रवारी ऑर्डर तू द्यायची."

मला फोनवर बोलता येत नाही. म्हणजे तसं येतं, पण समोरच्याने 'हॅलो' म्हटलं की माझ्याजवळचे शब्द संपतात. एकदा दातांच्या डॉक्टरांकडून फोन आला आणि त्यांनी विचारलं, मंगळवारी जमेल का. मी मान हलवून हो म्हटलं. बराच वेळ हलवत होते. शेवटी त्यांनीच फोन ठेवला.

"त्यापेक्षा मी घरीच करते ना," मी म्हणाले. "अगदी मिसेस क्वॉकसारखी. स्लो कुकरमध्ये, दिवसभर मंद शिजवून."

आईने माझ्याकडे नीट पाहिलं. "चालेल. पण खाण्यासारखी झाली नाही, तर फोन तूच करायचा. आमच्यासमोर, स्पीकर लावून."

आजी आईला म्हणाली, "अगं करीन, पोरीला इतकं घाबरवू नकोस." आणि मग मला म्हणाली, "पण स्पीकर मोठा लाव हं, मला कमी ऐकू येतं."

शुक्रवारी थंडी इतकी पडली की शाळा बंद, बाबांचं ऑफिस बंद, आईचं वाचनालय बंद. मला तो शुभशकुन वाटला. मी सकाळीच बीफचे पातळ काप केले, सोया सॉस, आलं, लसूण आणि साखर घातली, झाकण लावलं आणि बटण फिरवलं. ब्रोकोली चिरून बाजूला ठेवली, कारण ती अगदी शेवटी घालायची असते. झाकणावर चिठ्ठी चिकटवली: 'उघडू नये.'

झाकण उघडलं की वाफ जाते आणि शिजायला अर्धा तास जास्त लागतो, हे मिनेसोटात लहान मुलालाही माहीत असतं. म्हणजे, दुसऱ्यांनी उघडलं की जाते. आपण उघडतो तेव्हा आपण फक्त बघत असतो.

मी वरून एक धडा वाचून खाली आले, तर आजी झाकण हातात घेऊन उभी. तिच्या चष्म्यावर वाफ धरली होती.

"नुसतं बघतेय गं," ती म्हणाली. "फारच पातळ आहे. मशरूम सूपचा डबा कधी घालणार?"

"आजी, यात मशरूम सूप नसतं."

"नसतं?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चच्या जेवणात कॉफी नसते असं म्हणाले होते. आजीच्या मते डबाबंद मशरूम सूप पडेपर्यंत ते जेवण नसतं, नुसतं सामान असतं. "बरं बाई. तुझं जेवण, तुझ्या मनासारखं."

दुपारी मला ओट्यावर सूपचा रिकामा डबा दिसला. तिने तो धुऊन, पुसून उपडा घातला होता. गुन्ह्यातसुद्धा आजी स्वच्छता सोडत नाही.

मग बाबा सापडले. बाबांच्या लेखी मिरपूड हेच साहस आहे, आणि आल्याचा वास त्यांना गॅरेजपर्यंत आला होता. त्यांच्या हातात केचपची बाटली होती.

"बाबा, त्यात घातलंत?"

"छे. थोडंसं."

"किती थोडंसं?"

त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली. "संपतच आली होती तशी."

आईने मात्र काहीच घातलं नाही, असं ती म्हणाली. फक्त चिरलेली ब्रोकोली बाहेर वाळत होती, म्हणून जेवणाआधीच तिने ती आत टाकली. दुपारच्या जेवणाआधी.

(मीही झाकण उघडत होतेच. शेवटचं कोणी उघडलं होतं ते बघायला.)

संध्याकाळी मी ते भातावर वाढलं. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर अंगणात जे उरतं, त्या रंगाचं ते झालं होतं. ब्रोकोली कुठे दिसत नव्हती, पण ती सगळीकडे होती. बाबांनी प्रार्थना म्हटली, नेहमीपेक्षा जरा लांबवली. मग सगळ्यांनी पहिला घास घेतला. मी फोनकडे बघत होते.

इथे एक सांगायला हवं. आमच्या गावात जेवण वाईट झालं असं कोणी म्हणत नाही. 'वेगळं आहे' म्हणतात. पास्टरच्या बायकोने एकदा लिंबाच्या जेलीत मासा घालून आणला होता. सगळं चर्च एका आवाजात 'वेगळं आहे' म्हणालं, आणि तेव्हापासून ती तो दर नाताळात आणते.

"वेगळं आहे," बाबा म्हणाले.

"खूपच वेगळं," आई म्हणाली.

"यात सूप आहे वाटतं?" आजी म्हणाली. "कोणी घातलं असेल बरं?"

मी आईकडे पाहिलं. "म्हणजे खाण्यासारखं आहे ना?"

आई अडकली. नाही म्हणायचं, तर तालुक्यात असं म्हणणारी ती पहिली बाई ठरली असती. तिने बराच वेळ घास चावला. "आहे ना," ती म्हणाली.

मी जिंकले. फोन वाचला. सगळ्यांची पोटं चटकन भरली. बाबा म्हणाले, दारातला बर्फ काढून येतो (बर्फ सकाळीच काढला होता). आई म्हणाली, थंडीत बॅटरी उतरू नये म्हणून गाडी जरा फिरवून आणते. आजीच्या गोळ्यांची वेळ झाली, म्हणून ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मी एकटी उरले, समोर अर्धा भरलेला कुकर. मीही कडेकडेचा पांढरा भातच खाल्ला होता, आणि भूक तशीच होती. मला मिसेस क्वॉकची ब्रोकोली आठवू लागली, हिरवीगार, आपल्या पायावर उभी राहणारी. शेवटी मी घरातला फोन उचलून कोठीच्या खोलीत नेला, दार ओढून घेतलं, वाक्य तीनदा पाठ केलं आणि नंबर फिरवला.

"हॅलो," मिसेस क्वॉक म्हणाल्या.

"एक बीफ-ब्रोकोली," मी म्हणाले. "हवी होती."

"नंबर टोलेफसनांच्या घरचा दिसतोय?"

मी मान हलवली. मग आठवलं आणि "हो" म्हणाले.

"आज काय आहे तुमच्याकडे? मघाशी आजींचा फोन आला, मग साहेबांचा, मग बाईंचा. प्रत्येकाला एकेक, आणि वेगवेगळी बांधून. बाई स्वतः न्यायला येतायत, साहेबांना गॅरेजच्या दारात हवी, आजींना खिडकीतून. तुम्हाला कुठे देऊ?"

"मागच्या दाराने," मी म्हणाले.

"आवाज ओळखीचा नाही. पाहुण्या का तुम्ही?"

मी विचार केला. "हो."

"मग तुम्हीही सांभाळून घ्या हं. त्यांची एक मुलगी आहे, ती न बोलणारी. तिने आज हौसेने जेवण केलंय म्हणे. तिला यातलं काही कळू द्यायचं नाही, तिघांनीही बजावलंय."

"तिला मी काही बोलणार नाही," मी म्हणाले. फोनवर इतकं लांब वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होते.

"गुणाच्या आहात," मिसेस क्वॉक म्हणाल्या, आणि आवाज जरा खाली आणला. "पण घरचं कोणी खरं सांगणार नाही, म्हणून तुम्हाला विचारते. इतकं का वाईट झालं होतं?"

"वेगळं होतं," मी म्हणाले.