किसनच्या श्वासाचा खर्च

सन १९७४च्या उन्हाळ्यापर्यंत पवनाकाठच्या आमच्या नगरपालिकेचा पाणीपुरवठा रहाटणीच्या किसनच्या छातीवर चालला होता. पंपाच्या विहिरीत, पंधरा फूट पाण्याखाली एक जाळी होती. तिच्यात शेवाळ नि चिंध्या अडकल्या, की किसन दम धरून बुडी मारी, जाळी मोकळी करी आणि वर येऊन विडी पेटवी. रोज चार रुपये. ही पद्धत इतकी स्वस्त होती, की ती अशास्त्रीय असावी असा संशय अध्यक्ष उद्धवरावांना आला.

मुंबईच्या एका लिलावातून त्यांनी पाणबुड्याचं जुनं श्वासयंत्र आणलं. माणसाने सोडलेला श्वास हे यंत्र चुन्यातून गाळून, त्यात प्राणवायू मिसळून, त्यालाच परत देई. "उच्छ्वासाचीही उधळपट्टी नाही," उद्धवराव सभेत म्हणाले, "आणि किंमत फक्त तीनशे." सभेने बाकं वाजवली.

यंत्र दुरुस्तीला पिंपरीच्या शौकत मिस्त्रीकडे गेलं. त्याने ते उघडलं आणि एकेक भाग बाकावर मांडला.

"रबरी पिशवी चिरलीय, झडपा गेल्यात," तो नगरपालिकेचे भांडारपाल अर्जुनरावांना म्हणाला. "पिशवी दरवर्षी बदलायची. प्राणवायूचं नळकांडं तपासून घ्यायचं. आणि डब्यातला चुना प्रत्येक बुडीनंतर फेकायचा."

"फेकायचा? सरकारी चुना?"

"खराब हवा पिऊन तो मरतो, साहेब. हा भिंतीचा चुना नव्हे."

पिशवीला चारशे दहा लागले. झडपा, नळकांडं, प्राणवायू यांना त्याहून जास्त. पिशवीला ऊन सोसत नाही म्हणून पंख्याची खोली झाली, आणि खोलीत बसायला उद्धवरावांच्या साडूचा मुलगा 'श्वासयंत्र लिपिक' झाला. तरतूद संपली, तेव्हा यंत्रामुळे श्रम निम्मे होणार या तत्त्वावर किसनची मजुरी दोन रुपये करण्यात आली. शिवाय परिपत्रक निघालं: यंत्राविना कोणीही पाण्याखाली श्वास रोखू नये.

पहिली बुडी नीट झाली. दुसऱ्या खेपेला, भर वैशाखात, जाळी गच्च तुंबली. तीन दिवस नळ कोरडे. हंडे घेऊन बाया विहिरीवर जमल्या. नवा चुना आला नव्हता. तीन दरपत्रकं हवी होती. दोन आली होती, त्यातलं एक रंगाऱ्याचं.

"जुनाच भरा," मुख्याधिकारी म्हणाले.

शौकतने पाना खाली ठेवला. "जुन्या चुन्यावर माणूस खाली गुंगतो. त्याला कळतसुद्धा नाही. मी सही करणार नाही."

"गुंगला तर त्याचा अर्धा दिवस खाडा धरू. नियम आहे."

किसनची बायको केसरबाई पुढे झाली. "माझ्या धन्याच्या तोंडाला त्यो डबा लावायचा न्हाई. आमी तुमचं पानी भरायचं, का जीव बी द्यायचा?"

किसनने रिकाम्या हंड्यांची रांग पाहिली. बाजूला एक पोर कोरड्या नळाला तोंड लावून बसलं होतं. "शौकतभाई, धरा जरा," म्हणत त्याने यंत्र त्याच्या हातात दिलं, कमरेला दोर बांधला आणि उडी घेतली.

दोनदा तो वर आला, दोनदा गेला. तिसऱ्या वेळी पाणी हलेचना. केसरबाईने दोर गच्च धरला. मग चिंध्यांचं भलं मोठं बोचकं वर आलं आणि त्याच्यामागे किसन. ओठ निळे, नाकातून रक्त. शौकतने त्याला पालथा घातला. पंप धडधडला. नळांना पाणी आल्याची हाक उठली आणि क्षणात विहिरीवर तिघंच उरली.

दुसऱ्या दिवशी, परवानगीशिवाय श्वास रोखल्याबद्दल किसनला कामावरून काढण्यात आलं. अहवालात यंत्र यशस्वी ठरलं. जोडीला दुसरं घ्यायची शिफारस झाली.

किसनला परत घ्या, असा अर्ज शौकतने लिहून घेतला आणि तो घेऊन दारोदार फिरला. "आता येतंय ना पाणी?" लोक म्हणत. "कशाला उगाच वाकड्यात शिरायचं, राव?" महिन्याभरानंतर अर्जावर शौकतची सही आणि केसरबाईचा अंगठा एवढंच होतं.

शौकत तुमच्याही दारी येऊन गेला. आतून सांगण्यात आलं, तुम्ही आंघोळीला बसला आहात.