इंदूकाकूंचा उत्तरेचा बुरूज

रविवारी संध्याकाळी इंदूकाकूंची बेल वाजवली, तर दार उघडायचं पण काकू दिसायच्या नाहीत. दिसायचा फक्त एक हात. त्या हाताने 'नंतर' अशी खूण व्हायची आणि दार पुन्हा लागायचं. त्यांच्या गॅरेजचं दार उघडं राहिलंय हे सांगायला शेजारची अमेरिकन बाई एकदा बर्फातून चालत आली. तिलाही हातच दिसला. गॅरेज सकाळपर्यंत तसंच उघडं राहिलं.

कारण एकच. रविवारी संध्याकाळी पब्लिक टीव्हीवर 'किल्ला' असायचा. ही मालिका ब्रिटिश होती आणि तिचं खरं नाव बरंच लांबलचक होतं, पण काकू तिला किल्लाच म्हणत. स्कॉटलंडमधला एक जुना किल्ला, त्यात राहणारं एक जमीनदार घराणं, आणि सतत धुकं. संपली की वर्षभराने पहिल्यापासून पुन्हा लागायची. चांगली साडी नेसून, केसांवरून कंगवा फिरवून काकू टीव्हीसमोर बसत. "एवढ्या मोठ्या घरात जायचं, गबाळं कसं जाणार?" असं त्यांचं म्हणणं.

आम्ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नेपरव्हिलला आलो. माझा नवरा सकाळच्या ट्रेनने शिकागोला जायचा आणि मी दिवसभर घरात. चार घरं सोडून इंदूकाकू राहत होत्या, एकट्याच. त्यांचे यजमान, वसंतकाका, आम्ही येण्याआधी थोडे महिने हार्ट अटॅकने गेले होते. त्यांच्याबद्दल इथल्या मराठी मंडळात एवढंच सांगितलं जायचं की माणूस हुशार इंजिनिअर, पण बोलायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. पार्टीत तीन तास एका खुर्चीत बसून निघताना फक्त "बरंय" म्हणणारा माणूस.

काकूंचं किल्लाप्रेम हे काही नवल नव्हतं. आमच्यातल्या बऱ्याच जणी ती मालिका बघायच्या. नवल हे, की काकू जी गोष्ट सांगत ती टीव्हीवर दाखवतच नव्हते.

मालिकेतली म्हातारी जमीनदारीण, काकूंच्या भाषेत 'थोरल्या बाई', नवऱ्याला विष घालून मारते आणि इस्टेट बळकावते, असं आम्ही सगळे बघत होतो. अधूनमधून ती झाकलेला ट्रे घेऊन उत्तरेच्या बुरुजात जायची. तिथे ती विषाच्या बाटल्या लपवते, हे लहान मुलांनाही कळलं होतं. काकूंच्या गोष्टीत मात्र नवरा मेलेलाच नव्हता. तो वर बुरुजातल्या खोलीत राहत होता, आणि थोरल्या बाई गुपचूप त्याला जेवण पोचवत होत्या.

"पण काकू, त्याला पुरला ना दुसऱ्या भागात?" मी एकदा विचारलं.

"पेटी पुरली. आत कोण होतं ते दाखवलं का?"

"पण ती स्वतः कबूल करते, मी मारलं म्हणून."

"असेल तुमच्या टीव्हीवर तसं," काकू म्हणाल्या आणि माझ्या बशीत आणखी एक शंकरपाळा टाकला.

'असेल तुमच्या टीव्हीवर' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हवामानाच्या अंदाजापासून राष्ट्राध्यक्षांच्या भाषणापर्यंत ते कुठेही चालायचं. सगळ्यांचा समज असा, की काकूंना ते स्कॉटिश इंग्रजी कळत नाही, म्हणून त्या चित्रं बघून आपल्या मनाची गोष्ट रचतात. कॅलिफोर्नियाहून सुट्टीला आलेल्या नातवाने एकदा "आजी, दॅट्स नॉट व्हॉट ही सेड" म्हटलं, तेव्हा काकूंनी त्याला टीव्ही संपेपर्यंत कोथिंबीर निवडायला बसवलं.

खरी ठिणगी पडली ती मंडळाच्या दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला. शाळेचा हॉल, लांब टेबलं, कागदी ताटल्या. काकू दोन नव्या मुलींना थोरल्या बाईंची बाजू समजावत होत्या. तिथे डॉक्टर साने आले. अमेरिकेत येण्यापूर्वी ते काही वर्षं स्कॉटलंडमध्ये हॉस्पिटलात होते, त्यामुळे चहा, पाऊस आणि उच्चार या तीन विषयांवर मंडळात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई.

"काकू, का पोरींची दिशाभूल करताय?" ते हसत म्हणाले. "सरळ खुनी बाई आहे ती."

"तुम्ही डॉक्टर आहात. तुम्हाला सगळे मेलेलेच दिसतात."

आजूबाजूचे हसले. डॉक्टरांना ते लागलं असावं. "अहो, मी तो बुरूज प्रत्यक्ष पाहिलाय. पडका आहे. वर खोलीबिली काही नाही. विश्वास नसेल तर जाऊन बघा."

"जाते," काकू म्हणाल्या.

आणि खरंच जायचं ठरवलं. त्या काळी आमच्यातलं कुणी सुट्टीला म्हणून कुठे जात नसे. सुट्टी म्हणजे भारत. दोन-तीन वर्षांतून एकदा, बॅगांमध्ये कॉस्मेटिक्स आणि पिस्ते कोंबून. काकूंनी ट्रॅव्हल एजंटला सांगितलं, भारताच्या तिकिटात मध्ये एडिंबरा टाका, आणि तिथे एक दिवस गाडी आणि माहितगार माणूस द्या, जिथे जिथे किल्ल्याचं शूटिंग झालं तिथे नेणारा. एजंट म्हणाला, बसची टूर आहे, पुष्कळ लोक असतात, मजा येते. काकू म्हणाल्या, "मला मजा नकोय. मला बुरूज हवाय."

श्रीकांतचा, म्हणजे मुलाचा, फोन आला तेव्हा मी तिथेच होते.

"आई, इट्स जस्ट अ शो. लोक हसतायत."

"हसू देत. त्यांना हिवाळ्यात दुसरं काय आहे?"

"या वयात एकटी कुठे हिंडणार तिथे?"

"एकटी नाही, ही आहे बरोबर," माझ्याकडे बघत काकूंनी सांगून टाकलं. मला ते तेव्हाच कळलं. मी त्याच उन्हाळ्यात माहेरी जाणार होते एवढंच त्यांना माहीत होतं. नवरा म्हणाला, जा, नाहीतर त्या स्कॉटलंडवर खटला भरतील.

एडिंबराच्या गेस्ट हाउसबाहेर सकाळी आमचा माहितगार उभा होता. मॅकाय त्याचं नाव. शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, लालबुंद चेहऱ्याचा, आणि चौकड्यांचा किल्ट घातलेला. काकूंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "परकर इस्त्रीचा आहे," त्या मला म्हणाल्या. "माणूस नीटनेटका दिसतो."

त्या स्वतः काठापदराची साडी, वर श्रीकांतचं जुनं पार्का जॅकेट आणि पायात स्नीकर्स अशा निघाल्या होत्या. पिशवीत स्टीलचा डबा.

मॅकायचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे तो स्वतः त्या मालिकेत होता. तिसऱ्या भागात, पाठमोरा, ट्रे घेऊन जाणारा नोकर. हे त्याने गाडी सुरू व्हायच्या आतच सांगितलं. काकू पुढे वाकल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "ट्रेमध्ये काय होतं?"

"सूप, मॅडम. म्हणजे गरम पाणी. वाफ दिसायला हवी होती."

"दोघांना पुरेल एवढं?"

मॅकायला प्रश्न कळला नाही. मला कळला, आणि मी खिडकीबाहेर बघू लागले.

पहिला किल्ला तळ्याकाठी होता. मालिकेत जो बाहेरून दिसतो तो हा. आत गेलो तर ऑफिसं आणि पोस्टकार्डांचं दुकान. "आतला भाग इथे चित्रित झालाच नाही," मॅकाय रंगात येऊन म्हणाला. "दार इथलं. पण दारातून आत पाऊल टाकलं की तुम्ही दुसऱ्या किल्ल्यात पोचता, चाळीस मैल लांब."

तासाभराने तो दुसरा किल्ला आला. तिथे जेवणाचं दालन होतं. भिंतीवर शिंगं, मध्ये लांबलचक टेबल. "आणि स्वयंपाकघर?" काकूंनी विचारलं. ते तिसऱ्याच ठिकाणी, इंग्लंडमधल्या स्टुडिओत.

"म्हणजे पोळी गार होऊनच पानात पडणार," काकू मला म्हणाल्या. "उगीच नाही ते चिडचिडे."

मॅकाय उत्साहाने रहस्यं फोडत होता आणि प्रत्येक रहस्यागणिक काकू जास्त ताठ होत होत्या. धुकं मशीनचं होतं. थोरल्या बाईंचं काम करणारी नटी प्रत्यक्षात फार विनोदी होती. मग त्याने सांगितलं, की शेवटच्या भागात ती खुनाची कबुली देते तो प्रसंग याच खिडकीत घेतला, आणि त्या दिवशी सगळं युनिट रडलं.

"तिने खून केलेला नाही," काकू म्हणाल्या.

"मॅडम, मी तिथे होतो."

"तुम्ही पाठमोरे होतात."

तो मास्तर वळून गाडीकडे चालू लागला. मला त्याची दया आली, आणि काकूंचा थोडा रागही. एवढ्या लांब येऊन, एका भल्या माणसाशी, टीव्हीतल्या बाईवरून भांडण.

उत्तरेचा बुरूज एका तिसऱ्याच किल्ल्यात होता. किल्ला कसला, टेकडीवर नुसत्या भिंती उरल्या होत्या आणि त्यातला एकच बुरूज उभा. बारीक पाऊस लागला होता. मॅकायने सांगितलं, मालिकेत ती फक्त खालच्या दारातून आत जाताना दिसते. वर कॅमेरा गेलाच नाही, कारण वर काही नाहीच. जिना वापरात नाही. दाराला कुलूप होतं. काकू तिकीटखिडकीतल्या बाईकडे गेल्या आणि काय बोलल्या कोण जाणे, किल्ली घेऊन आल्या. मॅकायचे गुडघे दुखत होते, तो खालीच थांबला.

जिना गोल, अंधारा, ओला. काकू साडी कमरेला खोचून पुढे. मी मागे, त्या घसरल्या तर झेलायला. वर पोचलो, आणि मोकळं आभाळ आलं. छप्पर नव्हतं, खोली नव्हती. गुडघ्याएवढी भिंत, तिच्यात उगवलेलं गवत, आणि आम्हाला बघून उडालेले दोन कावळे. डॉक्टर सान्यांचा शब्दन् शब्द खरा होता.

काकू सगळीकडे नजर फिरवत राहिल्या. मग भिंतीच्या आडोशाला एका दगडावर बसल्या, पिशवीतून डबा काढला आणि मला अर्धं थालीपीठ दिलं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"की नवरा मेलाय. विष तिनेच घातलंय. अगं, मी मॅट्रिकला इंग्रजीत शाळेत पहिली होते. उच्चारांचं काय एवढं? चार भाग ऐकले की कान बसतो."

मी थालीपीठ हातात धरून तशीच बसले.

"यांना कळायचे नाहीत ते उच्चार. ऑफिसात कुणी स्कॉटिश साहेब आला की नुसती मान हलवायचे. पण यांना वाटायचं, हिला त्याहून कळत नसणार. म्हणून शेजारी बसून मला मराठीत सांगायचे. आठवडाभर 'वाढ' आणि 'बरंय' याच्यापुढे न जाणारा माणूस, रविवारी तासभर बोलायचा. मी कशाला सांगू मला कळतं म्हणून?"

पाऊस थोडा वाढला. त्यांनी जॅकेटची टोपी डोक्यावर ओढली.

"आधी यांच्याही गोष्टीत तो मेलेलाच होता. मग एका वर्षी यांची नोकरी गेली. पुष्कळांच्या गेल्या तेव्हा. श्रीकांतला नाही सांगितलं, मंडळात नाही, कुणालाच नाही. मी रोज डबा द्यायची, हे ट्रेनने शहरात जायचे, लायब्ररीत बसायचे आणि संध्याकाळच्या ट्रेनने परत. सगळा हिवाळा. आम्ही दोघं त्यावर एक अक्षर बोललो नाही. आणि एका रविवारी ती बाई झाकलेला ट्रे घेऊन बुरुजात निघाली, तर हे म्हणाले, 'अगं, तो मेलेला नाहीये. वर आहे.' मी म्हटलं, 'मग खाली का येत नाही?' म्हणाले, 'लाज वाटते त्याला.' म्हटलं, 'जेवतो काय?' तर म्हणाले, 'ती नेते ना. कुणाला कळू देत नाही. फार मोठी बाई आहे ती.'"

डब्याच्या झाकणावर पडलेलं पाणी त्यांनी बोटाने निपटलं.

"माझ्याकडे बघून नाही म्हणाले. टीव्हीकडे बघूनच."

पुढे काकांना दुसरी नोकरी लागली, आणि दोन वर्षांनी ते गेले. काकूंनी हे अगदी थोडक्यात सांगितलं. मग डबा बंद केला, उठल्या, आणि आल्या तशाच भिंतीला हात लावत खाली उतरू लागल्या.

खाली मॅकाय छत्री घेऊन उभा होता. सकाळपासूनच्या वादानंतरही त्याच्या आवाजात खरी उत्सुकता होती. "मग मॅडम? सापडली खोली?"

"होय," काकू स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या. "खोली आहे. ते घरी नव्हते. ऑफिसला गेलेत."

मॅकायने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. छत्री काकूंच्या डोक्यावर धरून तो गाडीपर्यंत चालला, स्वतः भिजत.

गाडीत बसल्यावर काकूंनी स्नीकर्स काढले, ओले मोजे पिळले आणि मला बजावलं, "डॉक्टरांना काय सांगायचं ते मी सांगीन. तू मध्ये बोलू नकोस."

गणपतीला डॉक्टरांनी विचारलंच, सगळ्यांसमोर. "खोली आहे वर," काकू म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. मी मध्ये बोलले नाही.