पॉलीचं घराणं

मार्टिन टॉम पॅट स्वतःची ओळख करून देण्याआधी गायींची करून देतो.

आम्ही डब्लिनपासून लांब, मेयो परगण्यातल्या कासलबारच्या बाहेर घर घेतलं त्याच आठवड्यात तो कुंपणापाशी येऊन उभा राहिला. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मागे चरणाऱ्या काळ्या गायीकडे अंगठा दाखवत म्हणाला, "ही पॉली. हिची आई पॉली. तिची आईही पॉलीच, पण पायाने जरा अधू. त्यांची मूळ पॉली माझ्या आजीने लग्नात बरोबर आणली." मग तो थांबला. आता माझी पाळी आहे हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

"मी सुहास," मी म्हणालो.

"ते कळलं. कुणाचा?"

मी वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं आणि पणजोबांपाशी अडकलो. ते पोस्टात होते की पाटबंधारे खात्यात, एवढी शंका माझ्याकडे शिल्लक होती. नाव काही आठवेना. मार्टिनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे. होतं असं," तो म्हणाला. लोक मयताच्या घरी भेटायला गेल्यावर बोलतात त्या आवाजात. एका गायीने मला वंशावळीत हरवलं होतं.

मार्टिन टॉम पॅट म्हणजे पॅटच्या टॉमचा मार्टिन. इथे निम्म्या लोकांचं आडनाव एकच, त्यामुळे बाप-आजा लावूनच माणूस ओळखायचा. वय सत्तरीच्या पुढे, लग्न केलेलं नाही. त्याचं कॅलेंडर गायींचं आहे. माझी बायको मृणाल इथल्या इस्पितळात रुजू झाली ते वर्ष त्याच्या लेखी 'पॉलीला जुळं झालं ते वर्ष'. मी घरी बसून लॅपटॉपवर नोकरी करतो हे मात्र त्याला अजून पटलेलं नाही. तो सकाळी खिडकीतून डोकावून विचारतो, "आज काही उगवलं का?" सहसा उगवलेलं नसतं.

मी गोमांस खात नाही हे कळल्यापासून तो माझ्याशी जपून बोलतो. दर शरदात त्याचे खोंड नाहीसे होतात. "कुठे गेले?" असं मी पहिल्या वर्षी विचारलं, तर म्हणाला, "मीथला. तिकडे गवत ग्रँड असतं." मीथ हा डब्लिनकडचा परगणा, ग्रँड म्हणजे इथे 'छान'पासून 'चालेल'पर्यंत काहीही, आणि तिथलं गवत खरंच चांगलं आहे. पुढचं मी विचारत नाही, तो सांगत नाही. मीथहून आजवर कुणी परत आलेलं नाही.

वाडवडिलांकडून त्याला जमीन आली, पॉली आली आणि ह्यूईशी अबोला आला. तिन्ही तो सारख्याच निष्ठेने सांभाळतो. ह्यूई म्हणजे पलीकडच्या शेताचा मालक. तोही सत्तरीचा, तोही एकटा. मधे एक बांध आहे आणि त्या बांधावरून दोघांच्या आजोबांचं वाजलं होतं. बांधाचं भांडण आहे हे ऐकून मला मेयोत पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. मार्टिन त्याचं नावसुद्धा घेत नाही, 'योर मॅन' म्हणतो. म्हणजे आपल्याकडे भुवई उडवून 'तो' म्हणतात तसा. ह्यूईच्या घरावरून ट्रॅक्टर नेताना तो मान दुसरीकडे वळवतो. त्या नादात एकदा त्याने आमचं फाटक पाडलं.

"पण तुझं स्वतःचं काही भांडण आहे का त्याच्याशी?" मी विचारलं.

"माझं? छे. चांगला शेतकरी आहे तो," मार्टिन म्हणाला. "पण आमच्या घरात असंच चालत आलंय."

दर शरदात माझी आई पुण्याहून येते. बाबांना थंडी सोसत नाही, म्हणून एकटीच. तिचं माहेर मिरजेकडचं, आणि पुण्यात इतकी वर्षं काढूनही तिची बोली तिकडचीच राहिली आहे. पहिल्या वर्षी वसुबारस आली तेव्हा मी तिला गायीचं चित्र छापून दिलं. तिने खिडकीबाहेर पाहिलं. "दारात एवढ्या गाया हायत आन् मी कागुद पुजू व्हय रं?"

कंपनीत मी लोकांना अवघड गोष्टी सोप्या करून सांगतो, त्याचाच पगार घेतो. मार्टिनला वसुबारस समजावायला मला दोन दिवस लागले. गाय-वासरू लागतं, गायीचे पाय धुवायचे, हळदकुंकू लावायचं, ओवाळायचं.

"आणि मग?"

"मग काही नाही. तिला खायला घालायचं."

मार्टिनने बराच विचार केला. "तुझ्या आईला कुठल्या घराण्यातली लागेल?"

त्या दिवशी तो टाय लावून आला. पॉलीला अंघोळ घातलेली होती. आईने निरांजन ओवाळलं तेव्हा त्याने टोपी काढली. तेव्हापासून तो पॉलीचं वासरू वसुबारस होईपर्यंत बाजारात नेत नाही. आई मिरजेचं बोलते, तो मेयोचं बोलतो, आणि दोघांचं तासन्‌तास जमतं. माझं काम फक्त ताट धरायचं, आणि पॉलीने फुरफुर केली की एक पाऊल मागे सरकायचं.

यंदा मार्टिनचा खुबा गेला. ऑपरेशन ठरलं. इथे हिवाळाभर गुरं गोठ्यात असतात आणि रोज हातानं चारा टाकावा लागतो. ते आता जमणार नव्हतं. डब्लिनच्या विमानतळाजवळ, स्वोर्ड्सला राहणाऱ्या भाचीने त्याला राहायला बोलावलं. "तिकडे विमानं आहेत, गवत नाही," एवढंच तो म्हणाला. एकेक करून गुरं गेली, पॉलीचं वासरूही गेलं. पॉली तेवढी मागे राहिली.

"शनिवारी बाजार आहे," तो मला म्हणाला. "पॉली मीथला जाईल." आणि त्याने तोंड फिरवलं.

"हिवाळ्यापुरती कुणी सांभाळणार नाही का?"

"शेजारात गोठा एकच आहे." आम्ही दोघांनीही बांधाकडे पाहिलं. "आणि तो नाही," मार्टिन म्हणाला.

गुरुवारी वसुबारस होती. आई ताट घेऊन बाहेर आली. "वासराबिगर कशी करू?" म्हणाली. मी म्हटलं, यंदा नुसत्या पॉलीची कर. तिने बांधापलीकडे पाहिलं. तिथे ह्यूईची गाय आणि वासरू उभं होतं. तीन पिढ्यांचा इतिहास मी तिला समजावून सांगेपर्यंत आई मृणालचे गमबूट घालून ह्यूईच्या फाटकातून आत गेलीसुद्धा. ह्यूई घरातून बाहेर आला. आपल्या गायीपुढे दिवा घेऊन उभी असलेली म्हातारी त्याने पाहिली आणि मुकाट्याने गायीचं दावं धरलं. मी शक्य तेवढा हसलो. मागे वळलो, तर मार्टिन त्याच्या खिडकीत उभा होता.

मी माफी मागायला गेलो. आता माझ्याही पुढच्या तीन पिढ्यांशी अबोला, अशी मनाची तयारी केली होती. मार्टिन चहाचा कप पुढ्यात घेऊन बसला होता.

"कुठली होती?" त्याने विचारलं.

"तांबडी. कपाळावर पांढरं..."

"नेल. जुन्या नेलची नात. वासरू मार्चमधलं, पायाळू. योर मॅनला फार त्रास झाला."

"तुला कसं ठाऊक?"

"मी बांधापाशी होतो." तो कपात बघत राहिला. "पाऊस होता. वासरू ओढायचे दोर घेऊन उभा होतो. पायाळू वासरू एकट्याने निघत नाही. म्हटलं, हाक मारेल."

"मारली?"

"नाही. निघालं वासरू कसंबसं. मग मी घरी आलो."

घरी येऊन आईला सांगितलं, तर ती फराळाचा डबा भरताना म्हणाली, "मग तू जा की. तुझं कुठं भांडान हाय?"

असा मी, ज्याला गायीच्या श्वासाची भीती वाटते, चकल्या घेऊन ह्यूईच्या दारात उभा राहिलो. मार्टिनचं ऑपरेशन आहे आणि शनिवारी पॉली बाजारात जाणार, एवढंच सांगितलं. ह्यूईने डबा घेतला आणि दार लावलं. झालं, मी पुन्हा नापास, असं समजून परत आलो.

शुक्रवारी सकाळी मार्टिनच्या दारात ह्यूईचा ट्रेलर आला. मार्टिन काठी टेकत बाहेर आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मी फाटक धरून मधे उभा राहिलो.

मार्टिन गायीला म्हणाला, "पॉली, तुला ओला मुरघास चालत नाही, हे सांगून ठेव."

ह्यूईही गायीलाच म्हणाला, "पॉली, माझ्याकडे कोरडं गवत आहे."

"पॉली, थंडीत तुझा मागचा पाय आखडतो."

"खाली पेंढा घालतो मी, पॉली."

पॉली ट्रेलरमध्ये चढली. ह्यूईने फळी लावली, कडी घातली, पण निघाला नाही. कडीशी उगाच खटपट करत बसला.

"पॉली," तो ट्रेलरच्या पत्र्याला म्हणाला, "ऑपरेशन कधी आहे?"

"सोमवारी, पॉली."

"इस्पितळात नेणार कोण?"

न्यायला मार्टिनने कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी विचारलंही नव्हतं.

"पॉली, मी सकाळी गाडी घेऊन येतो," ह्यूई म्हणाला.

मार्टिन रडत होता आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही. "ग्रँड," तो म्हणाला. पॉलीचं नाव घ्यायला तो विसरला.