शेरनीच्या भीतीची नोंदवही

त्या मंगळवारी भैय्याजींनी ठरवलं, की आज बाजारातून जरा उशिरानं घरी जायचं. एवढंच ठरवलं होतं. हातात पाव किलो वांगी होती (एका माणसाला तीही जास्तच होतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच खावी लागतात) आणि घरी जाऊन कुलूप काढणं, दिवा लावणं आणि एक कप चहा मांडणं, एवढाच कार्यक्रम होता. म्हणून ते जनावरांच्या बाजाराकडे वळले. परतले तेव्हा वांगी कुठंतरी राहून गेली होती आणि मागं दोरीला तीन वर्षांची तांबडी घोडी होती.

भैय्याजी म्हणजे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आवक-जावक कारकून. गाव लाखांदूर रोडवरचं, घर स्वतःचं. पत्नी गोदावरीबाई नातवाला सांभाळायला पुण्याला मुलाकडे, अमरकडे, तीन महिन्यांसाठी गेल्या होत्या. त्याला आता सव्वा वर्ष झालं होतं. तीन महिने काही संपत नव्हते.

घोडी घेण्याचा विचार त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केला नव्हता. पण बाजारात एका मोटरसायकलनं फटाका फुटल्यासारखा आवाज काढला, ही घोडी दचकली, आणि जवळ उभ्या असलेल्या भैय्याजींच्या पाठीमागं तोंड लपवून थरथरत राहिली. आजवर त्यांच्या पाठीमागं कुणी लपलं नव्हतं. (लपायचे ते स्वतःच. कचेरीत साहेबामागं, घरी गोदावरीबाईंमागं.) पाठीवर तिचा गरम श्वास लागला आणि भैय्याजींना एकदम भरून आलं.

"नाव काय गा हिचं?" त्यांनी विचारलं.

"शेरनी," व्यापारी म्हणाला. त्याचा चेहरा गंभीर होता.

शेजारच्या निर्मलाबाईंचं भिंतीपलीकडे बारीक लक्ष असे. घोडी खुंट्याला बांधून होईपर्यंत बातमी पुण्याला पोचली होती.

"घोडी घेतली म्हणते?" फोनवर गोदावरीबाई कडाडल्या. "मले इचारलं काय?"

"तू कधी येतेस, हे मी बी चारदा इचारलं," भैय्याजी म्हणाले.

पुण्याकडचा आवाज खाली उतरला. "काय करता तिचं?"

भैय्याजींनी काहीच ठरवलं नव्हतं. तोंडाला आलं ते बोलले. "वरातीले देतो. निर्मलाबाईच्या खुशबूचं लग्न हाय ना वैशाखात? नवरदेव हिच्यावरच येते."

"ठीक. त्या नवरदेवाले पाडलं नाई, तं ठेवा घोडी. पाडलं, तं दुसऱ्या दिवशी इका. मंग माह्या समोर घोडीचं नाव नाई काढायचं."

आता शेरनीला वरातीसाठी तयार करायचं होतं, आणि शेरनी तर दोरीवर वाळणाऱ्या बनियनला भीत होती. ती छत्रीला भ्यायची, पॉलिथिनच्या पिशवीला भ्यायची, कुकरच्या शिटीला भ्यायची. एकदा तर स्वतःच शिंकली आणि त्या आवाजानं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. भैय्याजींनी यावर कारकुनी उपाय काढला. कोरी नोंदवही घेतली, वर लिहिलं, 'भीती: आवक', आणि एकेका बाबीला क्रमांक दिला. नियम एकच. भीतीची वस्तू दहा पावलांवर ठेवायची, घोडी न बिचकता उभी राहिली की गुळाचा खडा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी एक पाऊल जवळ यायचं. ओढायचं नाही, ओरडायचं नाही. वस्तूचा वास घेऊन तिनं तोंड फिरवलं, की पुढं शेरा: निकाली.

छत्री अकरा दिवसांत निकाली निघाली. कुकरला तीन आठवडे लागले (आणि रोज भात शिजवावा लागला). पाठीवर आधी रिकामं पोतं, मग अर्धं पोतं धान, मग स्वतः भैय्याजी, असं वजन वाढत गेलं. मोबाईलवर बँड आधी हळू, मग जोरात. सगळा वेळ ते तिच्याशी बोलत राहायचे. कचेरीतल्या गोष्टी सांगायचे, अमर लहान असताना कसा होता ते सांगायचे. सव्वा वर्षात ते एवढं कुणाशीच बोलले नव्हते. घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं होतं आणि त्याचीच त्यांना भीती वाटायची, कारण वैशाख जवळ येत होता. शेरनीनं नवरदेवाला पाडलं, तर पुन्हा कुलूप, दिवा आणि एक कप चहा.

सोळावी बाब होती, 'लुगडी (नाचणारी)'. वरातीत बाया नाचणार. नाचायला घरात बाई नव्हती. तेव्हा भैय्याजींनी कपाटातून गोदावरीबाईंचं हिरवं लुगडं काढलं, स्वतःभोवती गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला आणि दहा पावलांवर गिरक्या घ्यायला लागले. लग्नाच्या दोन दिवस आधी याचीच उजळणी चालू होती, तेव्हा निर्मलाबाई भिंतीपलीकडे पापड वाळत घालत होत्या. त्यांना भैय्याजींची फक्त पाठ दिसली.

सतरावी बाब, 'एसटी (हॉर्नसह)'. यासाठी रोज संध्याकाळी शेरनीवर बसून मारुतीच्या देवळावरून उजवीकडे, फाट्यावर जायचं. साडेपाचला भंडाऱ्याहून गाडी यायची. शेरनीची एसटीची भीती आठ दिवसांत निकाली निघाली, तरी भैय्याजी तिला घेऊन चार महिने रोज फाट्यावर जात राहिले. (निकाली निघालेली फाईल रोज उघडणाऱ्या कारकुनाचं मन त्या फाईलमध्ये नसतं, हे जाणकारांना सांगायला नको.) शेवटचा माणूस उतरेपर्यंत ते दाराकडे बघत राहायचे. गाडी गेली की म्हणायचे, "चल व शेरनी." मग दोघं घरी यायचे.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त सहा वाजून दहा मिनिटांचा, मांडव निर्मलाबाईंच्या दारात, म्हणजे शेरनीच्या खुंट्याला लागूनच. वऱ्हाड गावच्या शाळेत उतरलं होतं. नवरदेव कैलाश घोडीवर बसला आणि बँड सुरू झाला. फटाके फुटले, लुगडी नाचली, वरून कुणीतरी छत्रीही उघडली. शेरनी शांत. भैय्याजी नवा सदरा घालून लगाम धरून चालत होते आणि त्यांची छाती बटणांना ताण देत होती.

मारुतीच्या देवळापाशी मांडवाकडे डावीकडे वळायचं होतं. शेरनी उजवीकडे वळली.

"काका, मांडव तिकडं हाय ना?" कैलाशनं सेहऱ्यातून विचारलं.

भैय्याजींनी लगाम ओढला, चुचकारलं, गूळ दाखवला. शेरनीनं गूळ खाल्ला आणि चालत राहिली. तिच्यामागं बँड, बँडमागं नाचणाऱ्या बाया, बायांमागं वऱ्हाड, अशी सगळी वरात फाट्यावर आली आणि थांबली. घोडी रस्त्याकडे तोंड करून खांबासारखी उभी राहिली.

"आता काय?" वराच्या मामानं विचारलं.

भैय्याजींना काय ते माहीत होतं. पण चारशे माणसांसमोर ते सांगायचं कसं? त्यांनी मान खाली घातली. "गाडी येईल," ते पुटपुटले.

वीस मिनिटं उशिरानं का होईना, गाडी आलीच. कंडक्टरनं दार उघडलं आणि बँड बघून तोंडात बोट घातलं. "भैय्याजी! कसं समजलं तुमाले? आज सवारी हाय बाप्पा पुण्याची!" मग तो वऱ्हाडाकडे वळला. "चार महिने झाले, रोज इचारते हा मानूस, पुण्याची सवारी हाय काय. रोज नाई म्हनाले मलेच कसंतरी वाटे."

कैलाशनं घोडीवरून खाली बघितलं. क्लॅरिनेटवाल्यानं क्लॅरिनेट खाली घेतलं. भैय्याजींना वाटलं, की आता शेरनीच्या पाठीमागं तोंड लपवावं. आणि गाडीतून, हातात पिशवी घेऊन, रागानं लाल झालेल्या गोदावरीबाई उतरल्या. कंडक्टरचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. तरी दीड दिवस मनात घोळवलेला प्रश्न त्यांच्या तोंडातून बाहेर पडलाच.

"आंगनात माह्या हिरव्या लुगड्यात नाचे ते कोन होती?"

"मी," भैय्याजी म्हणाले.

"काय मी?"

"लुगड्यात मीच होतो. घोडीले लुगड्याचा भेव वाटे."

गोदावरीबाईंनी नवऱ्याकडे, मग घोडीकडे आणि पुन्हा नवऱ्याकडे बघितलं. "निऱ्या जमल्या काय?"

"नाई व. पाच पिना लावल्या."

गोदावरीबाईंना हसू आवरेना. पिशवी खाली ठेवून त्या हसायला लागल्या, आणि त्यांना बघून भैय्याजीही हसले. पावणेदोन वर्षांचं साठलेलं होतं, ते पोट धरून, मोठ्यानं, खदाखदा हसले.

शेरनीचे कान ताठ झाले. हा आवाज तिनं या माणसाकडून कधीच ऐकला नव्हता. नोंदवहीत अठरा बाबी होत्या, त्यात ही नव्हती. ती मागच्या पायांवर वळली आणि नवरदेवासकट घराकडे उधळली.

निर्मलाबाई आरतीचं ताट घेऊन मांडवाच्या दारात उभ्या होत्या. समोर एकटा नवरदेव आला. सेहरा गळ्यात, दोन्ही हात घोडीच्या मानेभोवती, डोळे मिटलेले.

"वरात कुठं हाय बाप्पा?" त्यांनी विचारलं.

"एसटी स्टँडवर," कैलाश डोळे न उघडता म्हणाला. पण तो पडला नव्हता. मुहूर्ताला अजून दहा मिनिटं होती.

शेरनी राहिली. गोदावरीबाई बारा दिवस राहिल्या. नातवाची शाळा सुरू होणार होती, म्हणून त्यांना जावं लागलं. जाण्याआधी त्यांनी नोंदवही चाळली आणि स्वतःच्या अक्षरात शेवटची बाब लिहिली. 'एकोणीस: भैय्याजींचं हसणं'. "रोज सकाळी दहा पावलावरून सुरू करा," त्या म्हणाल्या. "दिवाळीले येतो मी. तवरी जमलं पाहिजे." भैय्याजी आणि शेरनी त्यांना फाट्यावर सोडायला गेले. गाडी दिसेनाशी झाली तरी दोघं बराच वेळ तिथंच उभे होते.

तेव्हापासून भैय्याजी रोज सकाळी अंगणात, हातात गुळाचा खडा घेऊन, घोडीसमोर एकटेच हा हा हा करतात. निर्मलाबाई पुण्याला कळवतात. शेरनी तिसऱ्याच दिवशी सरावली, गूळ खाऊन तोंड फिरवते. नोंदवहीत एकोणिसाव्या बाबीपुढं दोन शेरे आहेत. घोडी: निकाली. अर्जदार: प्रलंबित.