बनुबाईच्या हाताचा रिपोर्ट

नगरच्या लॅबमध्ये सॅम्पल गोळा करायला लागून मला अकरा वर्षं झाली, आणि या अकरा वर्षांत माझ्या हातून एक सॅम्पल वाया गेलेलं नाही. म्हणजे, गेलेलं नव्हतं. चिवडा, पेढे, श्रीखंड, चटण्या, लोक जे म्हणून पाकीट फोडून तसंच तोंडात टाकतात ते सगळं मी जिल्हाभर हिंडून आणतो, आणि आमच्या प्रज्ञा मॅडम त्यात घातक जंतू आहेत का ते शोधतात. जंतूंमधलं मला मॅडमपेक्षा चार आणे जास्तच कळतं असं माझं ठाम मत होतं. घरी आलेल्या पाहुण्याला मी आधी बेसिन दाखवायचो, मग खुर्ची. बायको म्हणायची, "तुमच्याऐवजी फिनेलच्या बाटलीशी संसार केला असता, तर निदान ती बोलली तरी नसती."

त्यामुळं मिरजगावहून मालनआत्याचा फोन आला तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं की सॅम्पल न्यायला मी स्वतः येतो, रिपोर्ट पास झालाच म्हणून समज.

आत्याच्या बचत गटानं पाकिटातली मासवडी करायला घेतली होती. नाव मासवडी असलं तरी मासा औषधालासुद्धा नसतो. बेसनाच्या आवरणात तीळ-खोबरं-लसणाचं झणझणीत सारण. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला रोज शंभर पाकिटं हवी होती, फक्त लॅबचा रिपोर्ट दाखवा म्हणाला. आणि हे सगळं उभं होतं बनुबाईच्या हातावर. बनुबाई सत्तरीची. गावातल्या निम्म्या लग्नांत मासवडी तिनंच थापलेली. घरात गॅस आल्यापासून सुनेनं तिला ओट्यापाशी फिरकू दिलं नव्हतं, पण गटाच्या शेडमध्ये दहा बायका तिच्या तोंडाकडं बघून कामाला हात घालायच्या. तिथं गेली की म्हातारी वीतभर उंच व्हायची.

एप्रिलचं ऊन. मी शेडमध्ये शिरलो आणि अर्धा तास भाषण ठोकलं. एक जंतू वीस मिनिटांत दोन होतो, दोनाचे चार होतात, उन्हात तर त्यांची जत्राच भरते, म्हणून सॅम्पल बर्फाच्या पेटीतच न्यायचं असतं! बायका भारावून ऐकत होत्या. मग मी वड्या पिशव्यांत भरल्या, पेटीत चार गोठवलेल्या निळ्या बर्फपिशव्या लावल्या, झाकण बंद केलं, आणि पेटी आत्याच्या ओसरीवर ठेवून आत छगनमामांशी चहा पीत बसलो. छगनमामा म्हणजे आत्याचे यजमान. त्यांच्या गुडघ्यांची कहाणी दोन कप चहा चालली.

इथंच घात झाला. आमच्या आत्याच्या घरातून माहेरचं माणूस आजवर रिकाम्या हातानं परत गेलेलं नाही. कुणाला शेंगा, कुणाला हुलगे, काहीच नसलं तर निदान दोन लिंबं. आणि नेमकी आदल्या दिवशी तिची गाय व्यालेली!

मी मोटारसायकलला पेटी बांधून निघालो. वाटेत रुईछत्तिशीला टायर पंक्चर झालं. पंक्चरवाला जेवायला गेलेला. पेटी दोन तास उन्हात, पण मला काय त्याचं? आत बर्फ होता ना! लॅबच्या दारात मी ऐटीत झाकण उघडलं, तर आत बर्फाच्या जागी दोन लिटरची स्टीलची बरणी, तोंडाला फडकं बांधलेलं, आत चीक. मासवड्या एका कोपऱ्यात, हाताला चांगल्या कोमट लागत होत्या.

मी आत्याला फोन लावला. ती खुशीत म्हणाली, "आरं, सूनबाईला खरवस आवडतो न्हवं? उन्हात नासंल म्हनून तुझ्या गार पेटीत ठिवला. बरनी बसंना, म्हनून त्या निळ्या पिशव्या काढल्या. तुझ्या मामांच्या गुडघ्यावर ठिवल्यात. लई आराम पडलाय बघ त्यांना."

आता खरं म्हणजे सॅम्पल टाकून द्यायला हवं होतं. पण मग अकरा वर्षांच्या लौकिकाचं काय? शिवाय वहीत 'सॅम्पल पोचतानाचं तापमान' या रकान्यात मी सवयीनं सकाळी निघतानाच चार अंश लिहून ठेवलं होतं. लिहिलेलं खोडायचं कसं? मी मासवड्या मॅडमकडं दिल्या आणि चीक घरी नेला. खरवस अप्रतिम झाला. मी चार वड्या खाल्ल्या.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. नापास! आणि साधासुधा नाही, एका जंतूची संख्या मर्यादेच्या कितीतरी वर. खाली मॅडमचा शेरा होता, हा जंतू बहुधा माणसाच्या हातावरून नाहीतर नाकातून येतो, आणि उबेत वाढतो.

मी मिरजगावला जाऊन बायकांना रिपोर्ट वाचून दाखवला. 'हातावरून' हा शब्द मोठ्यानं वाचला. 'उबेत' हा शब्द, खोटं कशाला सांगू, मी गिळला. दहा माना एकदम बनुबाईकडं वळल्या. जन्मभर खुरपणी करून तिच्या हातांना भेगा पडलेल्या. बनुबाईनं हात पदराखाली घेतले, चपला पायात घातल्या आणि ती घरी निघून गेली.

चार दिवसांनी आत्याचा फोन. हॉटेलवाला आठवडाभर थांबायला तयार होता, पण बनुबाई शेडकडं यायला तयार नव्हती. "कशाला म्हनून हात लावीना. सुनंनं तिचं ताट येगळं काढलंय. काल बघाय गेल्ते, तर म्हातारी चमच्यानं भाकरी खात हुती रं."

चमच्यानं भाकरी! मी सांगतो, एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी लॅब उघडायच्या आधीच मी मॅडमसमोर उभा राहिलो आणि सगळं ओकलो. मॅडमनी वही उघडली.

"इथं तर चार अंश लिहिलंय."

"ते सकाळीच लिहिलं होतं, मॅडम."

मॅडमनी ती ओळ लाल पेनानं खोडली. मग म्हणाल्या, नवं सॅम्पल मी स्वतः घेणार, आणि तू येऊन सगळ्यांसमोर खरं सांगणार.

शेडमध्ये मी हात जोडून सांगितलं. बर्फ, चीक, पंक्चर, चार अंश, काही लपवलं नाही. आत्यानं कपाळावर हात मारला. बोलावून आणलेली बनुबाई दारातच उभी होती. तिच्या पाया पडलो, तर तिनं पाय मागं घेतले.

"तू म्हनलास घान, समद्या गावानं ऐकलं. आता तू म्हनतोस चांगले, ते कोन ऐकनार? मला कागद पायजे. शिक्क्याचा. माझ्या हातांचा."

मॅडमना ते पटलं. त्यांनी कापसाची काडी काढली आणि बनुबाईच्या दोन्ही तळव्यांवरून, भेगाभेगांतून फिरवली. बनुबाई श्वास रोखून उभी. काम झाल्यावर तिनं माझ्याकडं बोट केलं. "ह्याचं बी घ्या." बायका हसल्या. मीही हसलो आणि मोठ्या दिमाखात हात पुढं केले. अहो, अकरा वर्षांचे हात!

मग बनुबाईनं कोपरापर्यंत हात धुतले आणि मासवडी थापायला घेतली. मॅडमनी चिमट्यानं वड्या उचलल्या, पेटी स्वतःच्या मांडीवर ठेवून नगरला नेली आणि आत्याला तिच्या आसपाससुद्धा येऊ दिलं नाही.

मासवडीचा रिपोर्ट आला. पास! हॉटेलवाल्याची पहिली गाडी त्याच आठवड्यात आली. बनुबाईच्या हातांचा रिपोर्टही आला: घातक जंतू आढळले नाहीत. तिसरा कागद मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून दिला. पहिल्या मासवडीत सापडला होता तोच जंतू. भरपूर.

"सुनील," मॅडमनी शांतपणे विचारलं, "त्या दिवशी वड्या पिशवीत भरल्या कशानं?"

मी माझ्या दोन बोटांकडं बघितलं. चिमटा लॅबमध्येच राहिला होता हे सांगण्यात आता काही अर्थ नव्हता.

हल्ली शेडच्या भिंतीवर दोन कागद काचेत लावलेत, एक बनुबाईचा आणि एक माझा. बनुबाईची सून रोज मिक्सर लावायला तिथं येते आणि सासूला विचारल्याशिवाय मिठाला हात लावत नाही. मी गेलो की दहा बायका उठून स्वागत करतात. बनुबाई मात्र बसूनच असते. मान वर न करता ती तांब्या आणि साबणाची वडी पुढं सरकवते.

"आदी हात धू. मंग राम राम."